दोघांच्या भांडणात तिसरा : सेवाग्रामच्या शांतिकार्याची नव्वद वर्षे

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असे आपण म्हणतो. सेवाग्रामच्या माणसांनी याच्या नेमका उलटा उद्योग केला. देशादेशांच्या भांडणात ते तिसरे म्हणून उतरले आणि लाभ तर दूरच, पुष्कळदा दोन्हीकडचा रोष पदरी घेऊन परतले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले, त्याला ३० एप्रिल २०२६ रोजी नव्वद वर्षे होतात. आश्रमातली खादी, नयी तालीम, गोसेवा, आरोग्यसेवा यांवर विपुल लिहून झाले आहे. राष्ट्राराष्ट्रांतले ताण सैल करण्यासाठी या जागेवरून जे झाले, ते मात्र चरित्रांत, पत्रसंग्रहांत, पदयात्रांच्या आठवणींत विखुरलेले आहे. ते एका धाग्यात ओवण्याचे काम भंडारा जिल्ह्यातल्या माणसाकडे आले, याचा मला मनापासून आनंद आहे. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर गाडीत बसले की नागपूर ओलांडून त्याच रुळांवर सेवाग्राम येते. आमच्या भागातल्या अनेकांनी ही वाट वर्षानुवर्षे तुडवली आहे.

१९३६ ते १९४७ : पत्रांची कुटी

शेगाव हे जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतले गाव. मलेरिया, साप, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसावा आणि माती, बांबू, कवेलू सगळे आसपासचेच असावे, ही गांधीजींची अट होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी टपालाची गल्लत होऊ लागली, तेव्हा १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. ज्या जागेचा इतिहास पत्रांनी घडायचा होता, तिचे नावही टपालापायीच बदलले!

आजही बापूंच्या दफ्तरात गेले की दोन वस्तू जवळून पाहाव्यात. एक, दूरध्वनीची खोली. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून या आडगावात तार ओढली गेली. दुसरी, साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप दिसला की मारायचा नाही. चिमट्यात धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात नेऊन सोडायचा, असा आश्रमाचा शिरस्ता. शत्रूचे विष नाकारायचे नाही आणि त्याला ठेचायचेही नाही, तर मग काय करायचे? आंतरराष्ट्रीय राजकारणातला अवघड प्रश्न त्या चिमट्याजवळ उभे राहिले की पोरांनाही समजतो. आमच्याकडच्या शाळांच्या सहली नेताना मी आधी तिथेच थांबतो.

२३ जुलै १९३९ रोजी, दुसरे महायुद्ध पेटायच्या जेमतेम सहा आठवडे आधी, वर्ध्याचा पत्ता घालून हिटलरच्या नावे एक छोटे पत्र लिहिले गेले. मित्रांच्या आग्रहावरून, संकोचत संकोचत लिहिलेले. आशय एवढाच, की हे युद्ध थांबवणे आज जगात एकट्या तुमच्या हाती आहे. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. २४ डिसेंबर १९४० चे दुसरे, बरेच मोठे पत्रही तसेच अडले. या पत्रांना भाबडेपणा म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. दुसऱ्या पत्रात हिटलरच्या कृत्यांचा निषेध किती स्पष्ट शब्दांत आहे, हे मात्र ते वाचल्याशिवाय कळत नाही.

१९४२ चा उन्हाळा हा या दशकाचा गाभा. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचलेल्या, ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स यांची बोलणी फिसकटलेली. अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून महिन्यात आठवडाभर सेवाग्रामात राहिले. विदर्भातला जून परक्याला कसा सोसवणार! त्यांनी पत्र्याच्या टबात पाणी भरले, आत लाकडी खोके ठेवून त्यावर बैठक मारली, समोर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवला आणि पाण्यात बसून गांधीजींच्या मुलाखती टंकित केल्या. इंग्रजांनी भारत सोडावा, पण मग जपानचे काय, चीनचे काय, हा त्यांचा घोळून घोळून विचारलेला प्रश्न होता. त्याचे उत्तर त्या उन्हाळ्यात पत्रापत्रांतून आकाराला आले. १४ जूनच्या पत्रात गांधीजींनी चीनचे च्यांग काय-शेक यांना दिलासा दिला की आमच्या मागणीने चीनच्या बचावाला धक्का लागणार नाही. १ जुलैच्या पत्रात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना कळवले की स्वतंत्र भारतात दोस्तराष्ट्रांनी जपानला रोखण्यापुरते आपल्या खर्चाने सैन्य ठेवले तर हरकत नाही. अहिंसेचा उपासक परकी फौजेला राहू द्यायला तयार होतो, ही साधी गोष्ट नव्हती. एका देशाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्या देशाने चुकवू नये, हा विचार त्यामागे होता. हस्तक्षेप केव्हा न्याय्य आणि केव्हा नाही, यावर आज विद्यापीठांतून जे वाद होतात, त्यांचा एक आरंभ या मातीच्या कुटीत शोधावा लागेल.

आणि मग १८ जुलैचे पत्र, प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. निप्पोनझान म्योहोजी पंथाचे गुरू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. त्यांचे भिक्षू पुढे आश्रमात राहू लागले. पहाटे ढोलके वाजवत जप करणारा भिक्षू केशव सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा झाला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने त्याला धरून नेले. गांधीजींनी त्याचा जप आश्रमाच्या प्रार्थनेच्या आरंभी कायम ठेवला. पुढे त्या खुल्या पत्रात त्यांनी जपानला चीनवरच्या आक्रमणाबद्दल स्पष्ट दोष दिला, भारतात तुमचे स्वागत होईल या भ्रमात राहू नका असे बजावले आणि त्याच पत्रात त्या भिक्षूची आठवण मायेने काढली. शत्रुराष्ट्राची राजवट आणि तिथला माणूस यांत फरक करायचा, ही रीत सेवाग्रामने पुस्तकातून घेतली नाही. सोबत जेवणारा माणूस पोलिसांनी नेला, तेव्हा ती अंगी भिनली.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी दिल्लीला निघाले. त्यानंतर ते सेवाग्रामला परतू शकले नाहीत.

१९४८ ते १९५७ : जग आश्रमात आले

गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, त्यांचे देशभरचे सहकारी सेवाग्रामात जमले. राजेंद्रबाबू, पंडित नेहरू, विनोबा, मौलाना आझाद, कृपलानी, जयप्रकाशजी. आता पुढे काय, हा एकच प्रश्न. त्यातून सर्वोदय समाज आणि सर्व सेवा संघ उभे राहिले.

जगभरच्या शांततावाद्यांची परिषद भारतात भरावी, ही कल्पना गांधीजी हयात असतानाच पुढे आली होती. ती प्रत्यक्षात डिसेंबर १९४९ मध्ये भरली. आरंभ शांतिनिकेतनात, समारोप सेवाग्रामात. मधले दोन आठवडे पाहुणे लहान गटांनी देशभर हिंडले. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, पाहुण्यांत अमेरिकेचे ए. जे. मस्टी, इंग्लंडच्या लेखिका व्हेरा ब्रिटन. युद्धात एकमेकांची शहरे बेचिराख करणाऱ्या देशांची माणसे एका पंगतीत बसून ज्वारीची भाकरी खात होती. वाद झाले, मतभेदही झाले. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परिषदेतून निघालेली एक कल्पना टिकली. सैन्याची जशी तुकडी असते तशी निःशस्त्र माणसांची तुकडी असावी आणि तिने तंट्याच्या जागी जाऊन मध्ये उभे राहावे.

याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा युद्धाची आर्थिक मुळे खणत होते. कच्चा माल दूरवरून आणायचा आणि पक्का माल दूरच्या बाजारात खपवायचा, तर त्या वाटा राखायला आरमार लागते, हे त्यांचे साधे सूत्र. घरच्या घाण्याचे तेल आणि आंतरराष्ट्रीय शांतता यांचा संबंध त्यांनी जितक्या सरळ भाषेत मांडला, तितका क्वचितच कुणी मांडला असेल. मराठीत त्यांचे पुरेसे वाचन झाले नाही, याची मला खंत वाटते.

इथे आमच्या जिल्ह्याचे एक पान जोडतो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते. प्रचारात त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडक टीका केली. मंत्रिमंडळातून बाहेर पडताना १९५१ मध्येच त्यांनी हिशेब मांडला होता, की ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात आणि धोरणाने मित्र कमी जोडले म्हणूनच जातात. भारत-चीन पंचशील करार २९ एप्रिल १९५४ चा, आणि भंडाऱ्याचे मतदानही त्याच सुमारास. बाबासाहेब ती निवडणूक हरले. ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी पंचशीलाच्या भरवशावर शंका घेतली, ती आठच वर्षांत खरी ठरली. सेवाग्रामची वाट आणि बाबासाहेबांची वाट वेगळी होती. शेजारी राष्ट्राशी वैर ठेवले तर गरिबाच्या ताटातले जाते, हा हिशेब मात्र दोन्ही ठिकाणी मांडलेला दिसतो, आणि आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्या-विणकऱ्यांनी तो थेट बाबासाहेबांच्या तोंडून ऐकला.

१९५७ ते १९६९ : पायी

गांधीजींनी १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये शांतिसैनिकाचे गुण लिहून ठेवले होते. विनोबांनी ऑगस्ट १९५७ मध्ये केरळात, भूदान पदयात्रा चालू असतानाच, शांतिसेना स्थापली. पहिले सेनापती के. केळप्पन. शुभ्र वेश आणि गळ्यात केशरी रुमाल. त्याच सुमारास ‘जय हिंद’च्या पुढे जाऊन ‘जय जगत्’ हा उद्घोष विनोबांनी दिला. सेवाग्रामच्या आशादेवी आर्यनायकम् आणि महादेवभाईंचे चिरंजीव नारायण देसाई यांनी या सेनेची घडी बसवली; पण शिबिरे घेणारे, दंगलीत धावून जाणारे, नाव न सांगता घरी परतणारे कार्यकर्ते शेकडो होते. ही सेना त्यांचीच होती.

सप्टेंबर १९६२ मध्ये विनोबा पूर्व पाकिस्तानातून पायी गेले. सोळा-सतरा दिवस. भारतातला माणूस पाकिस्तानात भूमिदान मागतो आणि तिथले मुसलमान शेतकरी जमीन देतात, हे त्या वेळी कुणाला खरे वाटले नसते. सरकारांच्या वाटाघाटींत जे सुटत नाही, ते दारात आलेल्या पाहुण्याला माणूस सहज देऊन टाकतो. त्याआधी, जानेवारी १९६२ मध्ये, बैरूतजवळ ब्रुमाना येथे विश्व शांतिसेना स्थापन झाली होती. जयप्रकाशजी, मस्टी आणि मायकेल स्कॉट हे तिचे तीन अध्यक्ष.

आणि ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला.

ही खरी कसोटी होती. देशात संताप उसळलेला. सर्वोदय परिवारातही विचारांची घुसळण झाली आणि त्या घुसळणीतून दिल्ली ते पेकिंग मैत्री पदयात्रा निघाली. १ मार्च १९६३ रोजी राजघाटावरून पावले पडली. नेतृत्व शंकरराव देव यांचे. काँग्रेसचे एकेकाळचे सरचिटणीस, संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेते आणि आता सत्तरीकडे झुकलेले. सोबत भारतीय सहकारी आणि एड लाझर यांच्यासारखे परदेशी मित्र. गावोगाव सभा होत. कुठे हारतुरे, कुठे घोषणा आणि रोष. जवानांचे रक्त सुकले नाही आणि तुम्ही शत्रूकडे मैत्री मागायला चाललात? हा प्रश्न शंकररावांना पुन्हा पुन्हा ऐकावा लागला. चीननेही यात्रेवर तोंडसुख घेतले आणि प्रवेश नाकारला. पूर्व पाकिस्तान आणि ब्रह्मदेशानेही वाट दिली नाही. जानेवारी १९६४ मध्ये आसामात, ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लेडो येथे यात्रा थांबली.

पेकिंग गाठले नाही म्हणून तिला फसलेली यात्रा म्हणतात. मला ते पटत नाही. युद्ध संपून जेमतेम सव्वातीन महिने झालेले असताना, आपल्याच देशातल्या गावागावांत उभे राहून, चिनी जनता आपली वैरी नाही असे सांगणे हेच मुळात तिचे काम होते आणि ते दहा महिने अखंड झाले. युद्धज्वर कसा चढतो, कुठे उतरतो, कोणत्या शब्दाने माणूस ऐकून घेतो आणि कोणत्या शब्दाने दार लावतो, याचा एवढा दीर्घ अनुभव दुसऱ्या कुणापाशी तेव्हा नव्हता.

त्याच १९६२ च्या युद्धानंतर आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी आली, १९६४ मध्ये. यात्रा आसामात अडली आणि भंडाऱ्यात दारूगोळ्याच्या कारखान्याचे बांधकाम चालू झाले. हजारो घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. मी त्याला उणे बोलत नाही. शांततेचा विचार करणाऱ्याने या चुलींचाही विचार केला पाहिजे, एवढेच नोंदवतो.

१९६४ मध्येच नागालँड शांति मिशन झाले. जयप्रकाशजी, मायकेल स्कॉट आणि आसामचे मुख्यमंत्री चलिहा यांच्या प्रयत्नांनी सप्टेंबरात शस्त्रसंधी झाली. ती पाळली जाते की नाही हे पाहायला जी माणसे डोंगरांत राहिली, त्यांत सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये शिक्षक घडवलेल्या मार्जोरी साइक्स होत्या. शस्त्रसंधीच्या कागदावर सही होते ती एका दिवसात. पुढची दोन-तीन वर्षे ती टिकवणे म्हणजे रोज उठून दोन्हीकडच्या तक्रारी ऐकणे.

याच दशकात हा सगळा व्यवहार अभ्यासाचा विषय झाला. जयप्रकाशजींनी वाराणसीला गांधी विद्या संस्थान उभारले. नॉर्वेत १९५९ मध्ये ऑस्लोची शांति संशोधन संस्था स्थापन करणारे योहान गाल्टुंग तरुणपणी गांधीविचाराचे अभ्यासक होते आणि वाराणसीच्या संस्थानातही ते येऊन राहिले. रचनेत मुरलेली हिंसा ही त्यांची संकल्पना १९६९ च्या लेखात आली. गोळी न झाडताही भूक आणि विषमता माणसे मारतात, हे तिचे सार. मगनवाडीत कुमारप्पांना वाचलेल्या कार्यकर्त्याला ते ओळखीचे वाटले असणार.

सत्तरचे दशक : शेजार आणि सायप्रस

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले. शांतिसैनिक छावण्यांत राबले. जयप्रकाशजी देशोदेशी फिरून जगाला परिस्थिती सांगत होते. सप्टेंबरात दिल्लीत त्यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. शेजारच्या देशातला संहार थांबवण्यासाठी लष्कर पाठवावे का, या प्रश्नावर अहिंसावाद्यांची मने त्या वर्षी फार पिळवटली.

शांतिसेनेचे कार्यकर्ते पुढे भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर गेले. १९६३-६४ च्या दंगलींत घर सोडावे लागलेल्या तुर्की कुटुंबांना आपल्या गावी परत बसवायचे, हे काम. नारायणभाई आणि समाजशास्त्रज्ञ पॉल हेअर यांनी दोन्ही समाजांचा विश्वास मिळवला, पडक्या घरांची पाहणी झाली, बोलणी पुढे सरकली. जुलै १९७४ मध्ये तिथे लष्करी उठाव झाला, पाठोपाठ तुर्की फौज उतरली, आणि काम जिथल्या तिथे राहिले.

देशातल्या घडामोडींमुळे या दशकाच्या मध्याला परिवारातले ज्येष्ठ वेगवेगळ्या वाटांनी गेले. सर्वांचा हेतू एकच होता. शांतिसेनेचे संघटित काम मात्र त्यानंतर मंदावले.

वर्ध्याजवळच्या पवनारच्या आश्रमात विनोबा तेव्हा ‘एबीसी’ त्रिकोणाची कल्पना मांडत. अफगाणिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन ही तीन टोके, आणि त्यांच्या आतल्या सर्व देशांचा एक संघ. १९८५ मध्ये ढाक्यात सार्क स्थापन झाली तेव्हा विनोबा हयात नव्हते.

१९८१ ते २००० : स्तूप आणि विद्यापीठ

सप्टेंबर १९८१ मध्ये कॅनडात पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल ही संघटना स्थापन झाली. संस्थापकांत नारायणभाई होते. ज्यांच्या जिवाला धोका आहे अशा कार्यकर्त्यांच्या सोबत परदेशी स्वयंसेवक निःशस्त्र राहतात, ही तिची रीत. १९४९ च्या डिसेंबरात सेवाग्रामला घोळलेली कल्पना अशी समुद्रापार रुजली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी पवनारला देह ठेवला.

फुजी गुरुजींच्या पंथाने उभारलेला विश्वशांती स्तूप वर्ध्याला गीताई मंदिराशेजारी १९९३ मध्ये पूर्ण झाला. आमच्या पवनीच्या टेकड्यांतून १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले होते, आणि आता जवळच्या रुयाडलाही जपानी बौद्धांच्या साहाय्याने महास्तूप उभा आहे. युद्धकाळात जो जपानी भिक्षू पोलिसांनी नेला, त्याच्या देशाशी वैनगंगेचे खोरे असे जोडले गेले. १९९७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. तिथे अहिंसा आणि शांती अध्ययनाचा विभाग चालतो. पायांनी झालेल्या कामाला वर्ग आणि ग्रंथालय मिळाले.

मार्च २००० मध्ये, कारगिलला वर्षही झाले नव्हते तेव्हा, महिलांची एक बस लाहोरला गेली. पुढाकार नागपूरच्या कन्या आणि विनोबांच्या पदयात्रेत वाढलेल्या निर्मलाताई देशपांडे यांचा. गोळी नको, बोली हवी, हे त्यांचे सांगणे. पुढची आठ वर्षे त्या दोन्ही देशांत ये-जा करत राहिल्या. १ मे २००८ रोजी त्या गेल्या. पुढच्या वर्षी पाकिस्तानने त्यांना मरणोत्तर सितारा-ए-इम्तियाज दिला.

२००१ पासून आजवर

२ ऑक्टोबर २०१९ रोजी राजघाटावरून जय जगत् पदयात्रा जिनिव्हाकडे निघाली. एकता परिषदेचे राजगोपाल यांच्यासोबत सुमारे पन्नास यात्री. ३० जानेवारी २०२० ला ती सेवाग्रामात होती. तिथून पुढचा प्रवास परदेशात, आणि मार्चमध्ये कोरोनाने आर्मेनियात पावले अडवली. लेडोच्या यात्रेची आठवण ज्यांना होती, त्यांना त्या दिवसांत ती आली असेलच.

२४ जानेवारी २०२५ रोजी आमच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. आठ कामगार गेले. देश कुठल्याही युद्धात नव्हता. त्या आठवड्यात जिल्ह्यात जिथे बसू तिथे हाच विषय होता. नंतर सेवाग्रामला गेलो, तेव्हा प्रार्थनेच्या वेळी त्यांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

आज आश्रमात नयी तालीमची शाळा चालते, शिबिरे भरतात, देशोदेशीचे अभ्यासक कुट्या पाहून जातात, आणि ग्रामीण भागातून आलेली मुले साप पकडण्याचा चिमटा हातात धरायला मिळेल का असे विचारतात. पहाटे आणि संध्याकाळी, १९३६ मध्ये लावलेल्या पिंपळाजवळच्या मोकळ्या जागेत, वाळूवर बसून सर्वधर्मप्रार्थना होते. मागच्या खेपेला माझ्यासोबत पवनी तालुक्यातली आठवी-नववीची मुले होती. प्रार्थना सुरू झाली तशी एका मुलीने कोपराने ढोसून हळूच विचारले, सर, ही कोणती भाषा? जपानी, मी म्हणालो. आणि अंधार पडेस्तोवर भिक्षू केशवची गोष्ट तिथेच बसून सांगितली.